पाहुण्याचं तोंड

‘परिघाबाहेर’ ही मालिका सोळा वर्षं कुणाच्या अकलेमुळे चालली, यावर वाहिनीच्या कचेरीत कायम भांडण असे. लेखक म्हणत आमच्यामुळे, जाहिरातवाले म्हणत आमच्यामुळे, आणि सगळ्यात वरच्या मजल्यावरचे म्हणत की आम्ही ती बंद केली नाही म्हणून चालली. त्यातल्या त्यात हेच खरं होतं. मालिकेतल्या अख्ख्या अंतराळजहाजात एकच बोगदा होता. लाकडी फळ्या, त्यावर चंदेरी रंग, छताला दिव्यांच्या नळ्या. निळा उजेड टाकला की आपलं जहाज, लाल टाकला की शत्रूचं. ताऱ्यापासून ताऱ्यापर्यंतचा सगळा प्रवास त्या एका बोगद्यात झाला. बोगद्याच्या टोकाला पुठ्ठ्याचं दार होतं आणि दारामागे सुतार आपली सायकल ठेवायचा. एवढ्या स्वस्तात दर शुक्रवारी घरोघरची माणसं टीव्हीसमोर येऊन बसत असतील, तर ती बंद करायला वरचे काही खुळे नव्हते.

पण माणसं जहाजासाठी बसत नव्हती, पाहुण्यासाठी बसत होती. मुखवटेवाल्याला हे पक्कं ठाऊक होतं. पाहुण्याचं तोंड त्यानेच केलं होतं.

पाहुणा म्हणजे परक्या ग्रहावरचा जीव. पहिल्या वर्षी एका भागापुरता जहाजावर आला आणि पाहुणे करतात तेच त्याने केलं, गेलाच नाही. राखाडी कातडी, लांबट कवटी, कान नाहीत, कपाळावर आडव्या वळ्या. बोलत नसे. मुळात लेखकाने कंटाळा केला म्हणून त्याला संवाद नव्हते. पण त्या न बोलणाऱ्या जिवात ज्याला त्याला आपलं माणूस दिसायला लागलं. कुणाला वाटे आमचे आजोबा शेवटी असेच खिडकीशी बसायचे. कुणाचं पोरगं कुणाशी बोलत नसे, ते टीव्हीतल्या पाहुण्याशी बोले. कप्तान पाच बदलले. एक सिनेमात गेला, एक निवडणुकीला उभा राहून आपटला, बाकीच्यांची आठवणही कुणाला नाही. पाहुणा मात्र तोच राहिला.

तो म्हणजे मुखवटेवाल्याचा भाऊजी. थोरल्या बहिणीचा नवरा.

ही गोष्ट बाहेर कुणाला माहीत नव्हती आणि माहीत होऊ द्यायची नाही असा करारच होता. वाहिनीतल्या कुणा हुशार माणसाने पहिल्या वर्षी एक शक्कल काढली होती. शेवटी नावांची पाटी सरकायची, तीत चहा देणाऱ्याचंही नाव असे, पण पाहुण्यापुढे लिहिलेलं असे, ‘पाहुणा : स्वतः’. पोरांना वाटे तो खराच कुठल्या तरी ग्रहावरून आलाय. मोठ्यांना गंमत वाटे. शेजाऱ्यांची समजूत अशी होती की भाऊजी कुठल्यातरी गोदामात कामाला आहे. समोरच्या घरातल्या पोराच्या डब्यावर पाहुण्याचं चित्र होतं, आणि तेच पोरगं भाऊजीला सांगे, “काका, तुमची गाडी काढा ना, आमचा खेळ अडतोय.” भाऊजी गाडी काढायचा.

पहिल्या वर्षीचा मुखवटा अगदी वेगळा होता. कांद्याच्या पापुद्र्यासारखे पातळ तुकडे, एकेक करून गोंदाने थेट चेहऱ्यावर चिकटवायचे. त्यात सकाळ जायची. भाऊजी खुर्चीत डोळे मिटून पडायचा आणि मुखवटेवाला कुंचल्याने गोंद लावत बसायचा, आणि एकमेकांची टिंगल चालायची. पण रबर एवढं पातळ होतं की आत भुवई हलली तर बाहेर हलायची. जहाजावरच्या यंत्रवाल्याची पोरगी मरते तो भाग तसाच काढला होता. कागदावर पाहुण्यासाठी दोनच शब्द होते, ‘पाहुणा पाहतो’. भाऊजीने पाहिलं. कॅमेरावाला थांबायचं विसरला, दिग्दर्शक थांबवायचं विसरला, आणि दुसऱ्या दिवशी दुकानादुकानांत, बसमध्ये, शाळेच्या फाटकाशी माणसं त्या पाहण्याबद्दल बोलत होती. मालिका उभी राहिली ती तिथे.

गोंदाने मात्र भाऊजीचं तोंड खाल्लं. आधी पुरळ, मग चट्टे, मग गालांवरची कातडी गोंदाबरोबर निघून यायला लागली. उशीच्या अभ्र्याला डाग पडायचे. एक दिवस ताई कामाच्या खोलीत आली, साच्यांच्या फळीखाली उभी राहिली आणि म्हणाली, “तुझ्या हातून होतंय हे. तुझ्याच हातून थांबव. मला त्याचं तोंड परत पाहिजे.”

ताईने आयुष्यात त्याच्याकडे काही मागितलं नव्हतं. त्याने मुखवटा बदलला. आत मऊ कापडाची टोपी, तिच्यावर जाड रबर, गोंद फक्त मानेपाशी आणि डोळ्यांच्या कडेला. कातडी भरून आली. पण जाड रबरातून आतली भुवई कशी दिसणार? मग मुखवटेवाल्याने अक्कल लढवली. त्या गाजलेल्या प्रसंगाची एक प्रत त्याने कामासाठी म्हणून काढून ठेवली होती. ती लावायची, चित्र जागच्या जागी थांबवायचं आणि समोर मातीत घडवत बसायचं. डाव्या पापणीचा किंचित ढळलेला कोपरा. खालचा ओठ आत ओढलेला. भुवयांमधली ती गाठ. भाऊजीचं पाहणं त्याने मातीतून साच्यात उतरवलं आणि साच्यातून रबरात ओतलं. दर वर्षी नवा मुखवटा करताना तो ते आणखी थोडं खोल कोरी, आणि दर वर्षी त्याला वाटे, आता जमलं. आता ह्याला आत काही करायला नको, बिचाऱ्याला त्रास नको.

भाऊजी कधीतरी कुरकुर करी. “मेहुणेबुवा, आत मी जीभ काढून दाखवली तरी बाहेर सुतकच दिसतं.” सगळे हसत. मुखवटेवालाही हसे.

सोळाव्या वर्षी भाऊजीने वाहिनीकडे मागणं केलं. पाटीवर माझं नाव घाला. बाकी काही नको. आईबाप गेले ते मुलगा गोदामात आहे असं समजून गेले, म्हणाला, आता मी तरी माझं नाव वाचून जातो. वाहिनीने नाही सांगितलं. खेळणी, डबे, दप्तरं, सगळ्यांवर ‘स्वतः’ पाहुणाच विकला जातो, त्याच्यात माणूस शिरला की माल पडून राहील. भाऊजीने दुसऱ्या दिवसापासून यायचं बंद केलं. बसा म्हणाला, बोगद्यात सायकल फिरवत बसा.

तीन आठवडे पाहुण्याला आजारी दाखवून बंद कपाटात झोपवला. मग निर्मातीने मुखवटेवाल्याला बोलावलं. तिला सगळे मॅडम म्हणत. गोड बोलून सुरी फिरवणारी बाई, पण निदान बोलताना समोर बघायची. ती म्हणाली, उडीवाल्यावर मुखवटा बसवून एक प्रसंग काढायचाय, फक्त चाचणी. उडीवाला म्हणजे पडण्या-आपटण्याची कामं करणारा गडी, अंगाने भाऊजीएवढाच. तोपर्यंत पाहुण्याला कुणी ढकललं की पडायचा तो हा, उठायचा तो भाऊजी.

मुखवटेवाला तिथून तडक ताईच्या घरी गेला. त्याला वाटलं होतं भाऊजी गळा धरील. भाऊजी दाढी करत होता. इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्याच्या तोंडावर सलग तीन आठवडे रबर चढलं नव्हतं, गाल पोरासारखे झाले होते. ऐकून तो खूश झाला.

“बसव. चांगला बसव. नाहीतर म्हणतील मेहुण्याने मुद्दाम बिघडवला.”

“आणि लोकांना नाही कळलं तर?”

“लोकांना?” भाऊजीने वस्तरा बेसिनमध्ये धुतला. “अरे, वरच्या मजल्यावर बसतात ते लोक नाहीत. लोक घरी बसतात. सोळा वर्षं माझ्या डोळ्यांत बघून जेवलेत ते. त्यांना कळेल.”

मुखवटेवाल्यालाही हेच वाटत होतं. म्हणून त्याने कसूर केली नाही. मान जरा सैल होती तिथे पट्टी लावली, डोळ्यांच्या कडा बसवल्या, राखाडी रंगाचे हात मारले. कामात खोट काढायला कुणाला जागा ठेवली नाही. खोट निघायची ती माणसात निघू दे, असं त्याच्या मनात होतं.

चाचणी वाहिनीच्याच इमारतीत झाली. एका खोलीत वीसेक प्रेक्षक, सगळे जुने, बहुतेक पहिल्यापासून बघणारे. प्रत्येकाच्या हातात एक खुंटी दिली होती. आवडलं की उजवीकडे फिरवा, नाही आवडलं की डावीकडे. त्यांच्यासमोर पडदा, बाजूच्या भिंतीला मागून आरपार दिसणारा आरसा, आणि आरशामागच्या अंधाऱ्या खोलीत मॅडम, वाहिनीचा एक सूटवाला, संशोधनवाली बाई आणि मुखवटेवाला. संशोधनवालीपुढे एक छोटा पडदा होता, त्यावर वीस खुंट्यांची मिळून एक हिरवी रेघ पळत होती. एवढ्या माणसांचं मन म्हणे त्या रेघेत.

आधी गेल्या वर्षीचा एक प्रसंग लावला, भाऊजीचा. पाहुणा खिडकीतून आपल्या विझलेल्या ग्रहाकडे बघतो. रेघ चढली. मग उडीवाल्याचा नवा प्रसंग लावला. पाहुणा कपाटातून उठतो आणि रिकाम्या बोगद्यात उभा राहतो.  रेघ चढली. आधीपेक्षा थोडी वरच गेली. पुढच्या रांगेत एक थोराड बाई होती, निवृत्त नर्स. तिने पदराने डोळे टिपले.

संशोधनवालीने आत जाऊन विचारपूस केली. काही वेगळं वाटलं का? चष्म्याचं दुकान असलेला एक गृहस्थ म्हणाला, हो, आजारातून उठलाय ना, थकलाय बिचारा, फार छान दाखवलंय. नर्सबाई म्हणाली, त्याचे डोळे बघवत नाहीत.

तो प्रसंग काढताना उडीवाल्याच्या डोळ्यांत काय होतं ते मुखवटेवाल्याला माहीत होतं. उजेडाने पाणी येत होतं म्हणून गडी दोनदा थांबला होता, आणि जेवायची सुट्टी कधी आहे असं विचारत होता.

सूटवाल्याने टाळी वाजवली. झालं, म्हणाला. मुखवटेवाला मात्र पेटला. इतकी वर्षं ह्या मजल्यावर तो मान खाली घालून आला होता, त्या दिवशी नाही घातली. म्हणाला, हे बरोबर नाही, दोन्हीकडे जाड मुखवटाच आहे, लोकांना खरं तोंड दाखवलंच कुठे? पहिल्या वर्षीचा तो प्रसंग लावा. मग बघा रेघ कुठे जाते.

मॅडम म्हणाली तो कुठून आणणार? पहिल्या वर्षीच्या टेपा वाहिनीने काटकसर म्हणून पुसल्या होत्या आणि त्यांच्यावर स्वयंपाकाचा कार्यक्रम भरला होता. त्यानंतर तो भाग कुणी पाहिलेला नव्हता. मुखवटेवाल्याने खिशातून आपली प्रत काढून टेबलावर ठेवली.

लावली. यंत्रवाल्याची पोरगी मेली. पाहुण्याने पाहिलं. ते पातळ रबर, त्याखाली हलणारी भुवई, गालात आलेली कळ, ओठ आत ओढायच्या आधी एकदा उघडून मिटला तो. मुखवटेवाल्याने ते हजारदा पाहिलं होतं, पण कायम थांबवून पाहिलं होतं, तुकड्यातुकड्याने, पापणी वेगळी, ओठ वेगळा. सलग पाहून त्याला वर्षं झाली होती. 

हिरवी रेघ खाली जात होती.

खाली, आणखी खाली. आत प्रेक्षक खुर्च्यांत चुळबुळ करत होते. एक कॉलेजातली पोरगी दुसरीच्या कानात काही बोलली आणि दोघी फिसकन हसल्या. दिवे लागल्यावर संशोधनवालीने विचारलं, तेव्हा चष्मेवाला म्हणाला, हा आपला पाहुणा वाटत नाही. आधी कुणी दुसरा असेल. दुसऱ्या कुणी म्हटलं, फार तोंड हलवतो, रडका आहे जरा.  नर्सबाई समजूत घातल्यासारखं म्हणाली, “करतोय चांगलं, पण जास्त करतो. आपला कसा, सगळं आतल्या आत.”

आतल्या आत. मुखवटेवाला काचेपलीकडून त्या बाईकडे बघत राहिला. बाई भली होती. सगळीच माणसं भली होती, सोळा वर्षं इमानाने बसली होती टीव्हीसमोर. त्यांनी ज्याला जीव लावला होता तो ह्याच्या कामाच्या खोलीत फळीवर ठेवलेला असायचा, आत भुसा भरून. ह्यानेच त्यांना शिकवलं होतं की पाहुण्याचं तोंड हलत नाही. एका माणसाचं कातडं वाचवता वाचवता ह्याने त्याचं काम हळूहळू रबराला देऊन टाकलं होतं, कुणी न मागता, दर वर्षी थोडं, आणि वर शाबासकीची वाट बघत होता.

मॅडमने बाहेर व्हरांड्यात त्याला गाठलं. तिला आनंद झाला नव्हता, एवढं मात्र खरं. ती म्हणाली, भाऊजीला सांग, सोमवारी सकाळी खुर्चीत येऊन बसला तर मी काही झालं नाही असं धरीन. नाव मात्र विसरायचं. नाही आला तर उडीवाला. आणि मुखवटा तू बसवशील ना, हेही आजच सांग, तुझे साचे वाहिनीच्या मालकीचे आहेत, दुसरा माणूस बघावा लागेल.

त्याने संध्याकाळपर्यंत कळवतो म्हटलं.

ताईच्या घरी दुपारची जेवणं व्हायची होती. ताई ताटं घेत होती. भाऊजीने दारातच विचारलं, ओळखलं ना? मुखवटेवाल्याच्या डोक्यात वाटेत तीन-चार थापा तयार झाल्या होत्या. चांगल्या होत्या, खपल्या असत्या. पण त्या तुळतुळीत तोंडाकडे बघून त्याला थाप मारवेना. त्याने सगळं सांगितलं. रेघेचं, चष्मेवाल्याचं, सोमवारचं. आणि साच्यात आपण काय काय कोरत आलो तेही सांगितलं, भाऊजीला ठाऊक असूनसुद्धा. सांगताना त्याचा आवाज चढला, जसा काही भाऊजीनेच गुन्हा केला होता.

ताई मध्येच म्हणाली, आधी जेवू दे त्याला. कुणी हललं नाही.

भाऊजीने एकच विचारलं. “पहिल्या वर्षीचं दाखवलंस?”

“हो.”

“कुणी सांगितलं होतं?”

“मीच.”

“काय म्हणाले?”

मुखवटेवाल्याने ताईकडे बघितलं. तिने ओठ घट्ट मिटून मान हलवली, नको.

“म्हणाले, जास्त करतो.”

भाऊजी खाली बसला. चेहऱ्यावर जे यायचं ते आलं, सगळं, लपवायला आता वर काही नव्हतं. ते बघायला खोलीत दोनच माणसं होती आणि दोघांनीही दुसरीकडे बघितलं. मग तो उठला, हात धुवून आला, ताटावर बसला आणि चार घास खाल्ल्यावर म्हणाला, “मी सोमवारी येत नाही.”

“अहो, विचार करा,” ताई म्हणाली.

“केला. मी गेलो काय आणि तो गेला काय, आत भुसाच बसणार. भुसा तरुण असलेला बरा.” तो मेहुण्याकडे वळला. “तू बसवणार का त्याला?”

इथे मुखवटेवाल्याला नाही म्हणता आलं असतं. नाही म्हटलं असतं तर मॅडमने दुसरा माणूस आणला असता, मालिका एक दिवसही थांबली नसती, आणि तरीही ते ‘नाही’ भाऊजीच्या पदरात पडलं असतं, तेवढंच. त्याला दोन मुली होत्या, दुसरं काम येत नव्हतं, वय झालं होतं. ही सगळी कारणं खरी होती. पण त्याहून एक खरं होतं आणि ते त्याला स्वतःशीही बोलवत नव्हतं. तो मुखवटा दुसऱ्या कुणी हातात धरलेला त्याला बघवला नसता.

“बसवीन,” तो म्हणाला.

भाऊजीने मान डोलावली. ताईने भावाच्या ताटात वाढायला घेतलेला डाव परत भांड्यात ठेवला आणि आत गेली. ती बाहेर आली नाही. थोड्या वेळाने भाऊजीच उठला आणि त्याने मेहुण्याला वाढलं.

सोमवारी सकाळी उडीवाला वेळेआधी येऊन खुर्चीत बसला. गडी वाईट नव्हता. घरी कुणाला सांगायचं नाही, ही अट त्याने आदल्या दिवशीच मोडून बायकोला सांगितलं होतं आणि आता घाबरला होता.  मुखवटेवाल्याने टोपी चढवली, रबर ओढून घेतलं, मानेपाशी गोंद लावला. बाहेर लाल दिवे लागल्याचा आवाज आला. आजच्या भागात नवा कप्तान मरायचा होता आणि पाहुण्याने त्याच्या शेजारी बसायचं होतं.

“मास्तर,” आतून गुदमरलेला आवाज आला, “मला हे पडण्या-आपटण्याचंच येतं. तिथे बसून मी काय करू? मनात काय आणू?”

मुखवटेवाल्याने डाव्या पापणीच्या कडेचा जास्तीचा गोंद कापसाने पुसला. मग तो एक पाऊल मागे गेला. समोर त्याचा भाऊजी बसला होता, सोळा वर्षांपूर्वीचा, पोरगी मेल्यावर बघणारा. चूक कुठेच नव्हती.

“काही आणू नकोस,” तो म्हणाला. “मान जरा खाली घाल आणि कुणी थांब म्हणेपर्यंत हलू नकोस.”

उडीवाल्याने मान खाली घालून बघितली. दारात उभी असलेली वेशभूषेवाली बाई हातातले कपडे तसेच छातीशी धरून बघत राहिली.